बाबा, पाय काढा

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण ती गाडी अजून आमच्या अंगणात उभी आहे आणि उद्या पहाटे मला तिच्यात बसायचंच आहे. त्यामुळे मला हसू येत नाही. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे सुरू झालं यंदाच्या जुलैमध्ये.

आमचा देश विषुववृत्ताच्या खाली, म्हणून आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी. ओरुरो शहराबाहेरच्या उघड्या माळावर आमचं गाव आहे, विला पाम्पा. जूनअखेरचा सान हुआनचा सण होऊन गेला की इथे पहाटे बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठतं. कुत्रीसुद्धा उजाडेपर्यंत भुंकत नाहीत.

मी बेनिता. घरात मी आणि आई, दोघीच. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आईच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. एक दिवसाआड तिला डायलिसिससाठी ओरुरोला न्यावं लागतं, आणि तिची पाळी सगळ्यात पहिली, सकाळची. यंत्रं थोडी, माणसं फार. उशीर झाला की पाळी पुढच्याला. त्यात कुणाची चूक नाही, पुढच्यालाही जगायचंच असतं. पण पाळी चुकली की आईचे पाय सुजतात. मग चेहरा. मग तिला श्वास पुरत नाही.

त्या वेळी आमच्या रस्त्याला बस नसते. म्हणून गाडी घेतली.

गाडी जुनी, चिलीच्या बंदरावर उतरलेली. तिच्या मूळ देशात स्टिअरिंग उजवीकडे असतं, आमच्याकडे डावीकडे. मग वाटेत कुणीतरी ते उजवीकडून उपटून डावीकडे बसवतं. अशा गाड्या आमच्याकडे पायलीच्या पन्नास. आधी ती कोण चालवत होतं, त्याचं काय झालं, असलं कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नाही.

नवी गाडी दारात आली की आमच्यात चाल्या नावाचा विधी करतात. चाकांवर दारू शिंपडायची, बॉनेटवर फुलं आणि रंगीत कागदाच्या माळा घालायच्या, धरणीमातेला म्हणायचं, बाई, हिला सांभाळ. आणि घरातल्या गेलेल्या माणसाला हाक मारून गाडी दाखवायची.

मी दारू शिंपडली आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, या! गाडीत बसा. आईच्या वाटेवर लक्ष ठेवा."

आई मागून ओरडली, "पुरे गं, चाकं पितात का एवढी? आणि हाक मारायची तर नाव घेऊन मार. नुसतं बाबा म्हटलंस तर गावातले निम्मे म्हातारे येऊन बसतील!"

आम्ही दोघी आणि जमलेले शेजारी, सगळे हसलो. बाटली तर रिकामी झाली होती.

सुरुवातीला गाडी गुणी होती. मग थंडी पडली.

त्या पहाटे आईला ब्लँकेटात गुंडाळून मागच्या सीटवर बसवलं. काचेवर बर्फाचा थर होता. मी किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला. बॅटरी ठणठणीत.

गाडी उचलेना.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. खर्र खर्र खर्र... आणि शांतता.

ऊन वर आल्यावर ती सुरू झाली, पण पाळी गेली होती. आणि चालू झाली तरी सरळ चालायची नाही. रस्त्यात उभी केली की इंजिन आपोआप चढायचं. घूंऽऽऽ... मग उतरायचं. मग पुन्हा घूंऽऽऽ...

माझा पाय पॅडलवर नसताना.

माझा आतेभाऊ रुफिनो याचं ओरुरोत गॅरेज आहे. स्वतःला तो इंजिनांचा डॉक्टर समजतो. मी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. इंजिन असं संथ की वर ठेवलेला पेला हलू नये.

"बेनी, तुला किल्ली फिरवता येत नाही का?" रुफिनो म्हणाला.

"तू पहाटे ये आणि तूच फिरव."

"मी पहाटे झोपलेला असतो. शहाणी माणसं झोपतात."

त्याने तापमानाचा सेन्सर बदलला. म्हणाला, हाच चोर. इंजिन थंड आहे हे याला कळत नाही, म्हणून पेट्रोल कमी मिळतं.

पुढची पहाट... खर्र खर्र खर्र.

मग त्याने आयडलिंगचा व्हॉल्व्ह धुतला. मग व्हॉल्व्हच बदलला. मग म्हणाला, कुठूनतरी हवा खातेय, आणि सगळे रबरी पाइप साबणाच्या पाण्याने तपासले. मग पेट्रोलचा पंप. दर वेळी छाती ठोकून सांगायचा, आता बघ. दर वेळी गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागायची आणि आमच्या अंगणात आली की पहाटे रुसून बसायची. माझ्या डोक्याला नुसता ताप झाला होता. एकदा तर मी चाकाला लाथ मारली आणि माझीच नखं काळीनिळी झाली.

आईच्या आणखी दोन पाळ्या गेल्या.

शेवटी मी रुफिनोला धरूनच आणलं. तो आमच्याकडे मुक्कामाला राहिला. पहाटे दात वाजवत, तरतरीसाठी तोंडात कोकाची पानं कोंबून तो बॉनेटखाली शिरला. मी आत बसून सेल्फ मारत होते. त्याने एक प्लग काढला आणि बोटाने चोळून बघितला.

"कोरडा," तो म्हणाला. "इतका सेल्फ मारून कोरडा? याला पेट्रोल मिळतच नाहीये."

त्याने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला. "मार."

मी किल्ली फिरवली.

"बेनी, पॅडलवरचा पाय काढ."

"पाय पॅडलवर नाहीये."

"अगं, स्कॅनर सांगतोय, पॅडल तळाला टेकलंय."

"तुझ्या स्कॅनरला सांग, माझे दोन्ही पाय सीटवर आहेत. ब्लँकेटात. पॅडल गार लागतं मला."

रुफिनो खिडकीशी आला. त्याने माझे पाय बघितले. मग स्कॅनर बघितला. मग पुन्हा माझे पाय.

"ही इंजेक्शनची गाडी आहे," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत पॅडल मारून पेट्रोल पाजावं लागायचं. हिच्यात कॉम्प्युटर मोजून देतो. पॅडल तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तर त्याला वाटतं पेट्रोल जास्त झालंय. मग तो ते बंदच करून टाकतो."

"म्हणजे जेवढं दाबशील तेवढी सुरू होणार नाही?"

"हो. आपले म्हातारे ट्रकवाले हीच चूक करतात. इंजेक्शनच्या गाडीतही तीनदा पंप मारणार आणि मग तळापर्यंत दाबून धरणार. मामाही तसेच. आयुष्यभर त्यांनी..."

तो बोलता बोलता थांबला.

बाबा सहकारी संस्थेचा ट्रक चालवायचे.

रुफिनोने स्कॅनर बंद केला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काय झालं रे? कुणी मेलं का?"

"काही नाही मामी. सेन्सर गेलाय." रुफिनो घाईघाईने म्हणाला.

त्याने तोही सेन्सर बदलला. फरक पडला नाही. मग त्याने हवेचा जाड पाइप काढला, टॉर्चचा उजेड आत पाडला आणि मला म्हणाला, नुसती किल्ली फिरव, पाय वर घे.

मी फिरवली.

"उघडतेय," तो म्हणाला. "हवेची झडप उघडतेय... पॅडलची केबल कुणीतरी ओढतंय."

मग नवी केबल. नवी स्प्रिंग. ती बसवायला तो सतरंजी उचलून पुढच्या उजव्या सीटच्या पुढ्यात आडवा झाला होता. तिथून त्याचा आवाज आला, "काय कारागीर आहेत! उजवीकडचं जुनं पॅडल कापलंय, पण खुंटी तशीच ठेवलीय. तिलाच आडवी सळई जोडून पॅडल डावीकडे आणलंय. खुंटी दाबली तरी तुझं पॅडल खाली जाईल."

"तिथे कोण दाबणार?" मी म्हटलं.

पुढच्या उजव्या सीटचा पट्टा तुटका होता. तिथे कुणी बसायचंच नाही.

नवी केबल बसवूनही पहाटे तेच. वैतागून त्याने केबल झडपेपासून सोडवली. "आता मार."

गाडी सुरू झाली! गोठलेल्या पहाटे, पहिल्या झटक्यात. आईने टाळ्या वाजवल्या. मी रुफिनोला मिठी मारणार होते...

आणि आतून आवाज आला.

ठक.

ठक.

ठक.

मी खाली बघितलं. पॅडल खाली जात होतं, वर येत होतं. तीनदा. मग ते तळाला जाऊन टेकलं आणि तिथेच राहिलं.

रुफिनोने केबल पुन्हा अडकवायला घेतली. त्याशिवाय गाडी चालवणार कशी? अडकवताक्षणी इंजिन किंचाळलं. त्याने हात झटकून मागे उडी मारली आणि मी किल्ली बंद केली.

तो पाने-पकडी गोळा करू लागला.

"रुफिनो, असं टाकून जाऊ नकोस."

"मी लोखंडाचं काम करतो, बेनी. हे लोखंडाचं नाही." केबल तेवढी त्याने नीट बसवून दिली. चहासुद्धा न घेता गेला. इंजिनांचा डॉक्टर!

माझा राग कुणावर काढू मला कळेना. मला भीती वाटायला हवी होती. पण कित्येक दिवस झोप नाही, बोटं फुटलेली, आणि आईचा चेहरा इतका सुजलेला की डोळे उघडेनात. भीतीला जागाच नव्हती.

पुढच्या पाळीच्या पहाटे आईला उचलूनच गाडीत ठेवावं लागलं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिला पाणी मोजूनच प्यायचं असतं, म्हणून ती काचेच्या आतलं गोठलेलं दव नखाने खरवडून जिभेला लावत होती.

मी किल्ली फिरवली. खर्र खर्र... पुन्हा. खर्र... आता बॅटरीही दमत चालली होती. पूर्वेला उजळायला लागलं होतं. ही पाळी गेली असती तर आई पुढच्या पाळीपर्यंत राहिली नसती. हे तिलाही माहीत होतं.

मी खाली बघितलं. पॅडल तळाला टेकलेलं होतं.

माझा बांध फुटला. स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटत मी ओरडले, "बाबा, पाय काढा! तुमचा ट्रक नाही हा! दाबू नका, ती मरेल! बाबा, पाय काढा!"

सगळं शांत झालं.

मग... पॅडल हळूहळू वर आलं.

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

मी रस्ताभर रडत होते आणि रडता रडता हसत होते. बाबाच ते! मदतच करत होते बिचारे, त्यांच्या पद्धतीने. आम्ही वेळेत पोचलो. दुपारी आईच्या चेहऱ्याची सूज उतरली आणि तिने चक्क आपी, मक्याचं गरम पेय, मागितली. डॉक्टरांनी दोन घोट दिली.

मग तो परिपाठच झाला. आईला बसवायचं, दार लावायचं आणि म्हणायचं, "बाबा, पाय काढा." पॅडल वर यायचं. गाडी सुरू व्हायची. मला त्या पहाटेची ओढ लागली होती, खरं सांगते. बाबा गेले तेव्हा मी शेजारी नव्हते. आता दर पाळीला त्यांच्याशी एक वाक्य तरी बोलायला मिळत होतं. ऑगस्टात धरणीमातेला धूप घालतात, त्या दिवशी मी उजव्या सीटवर त्यांच्या आवडीची भाजलेली मका ठेवली.

ती संध्याकाळी जळून काळी पडलेली मिळाली. मी म्हटलं, धुरामुळे असेल.

सप्टेंबरात एकदा परतताना आई मागून म्हणाली, "पोरी, एक विचारू? पहाटे तू बाबा बाबा कुणाला म्हणतेस?"

"कुणाला म्हणजे? आपल्या बाबांना."

"ते तर इथे असतात." तिने शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. "पहिल्या दिवसापासून. माझा हात धरून बसतात. ट्रकच्या दारात चेमटलेला तो अंगठा आहे ना, तो लागतो मला. तुला वाटलं म्हातारी बरळते, म्हणून बोलले नाही."



"मग... पुढे?"

आईने ब्लँकेट खांद्यावर ओढून घेतलं.

"पुढे उजवीकडे बसतो, त्याच्याबद्दलच तुला विचारायचं होतं," ती म्हणाली. "मला तो ओळखीचा नाही. तुझे बाबाही त्याच्याकडे बघत नाहीत."

रस्त्यात लामांचा कळप आडवा आला होता. मी गाडी थांबवली.

इंजिन हळूच चढलं. घूंऽऽऽ...

मी मान वळवून बघितलं. उजवी सीट रिकामी होती. पण खालची सतरंजी, जिथे कधी कुणी पाय ठेवत नाही, ती टाचेच्या जागी झिजून पार विरली होती. खालची खुंटी दिसत होती. आणि मला आठवलं... या गाडीत चालवणाऱ्याची मूळ जागा तीच.

पुढच्या पाळीच्या पहाटे मी म्हटलं, "अहो, कोण असाल ते, पाय काढा."

पॅडल हललं नाही.

मी हात जोडले. शिव्या दिल्या. बाबांचं पूर्ण नाव घेतलं, "फोर्तुनातो ममानी, तुम्ही सांगा ना याला!" पॅडल तळालाच. पूर्वेला उजळत होतं. मागे आई खोकत होती.

शेवटी मी डोळे मिटले आणि म्हटलं, "बाबा... पाय काढा."

लगेच निघाला. वाटच बघत होता.

लोक म्हणतात, विकून टाक. विकायची कुणाला? आणि नवी येईपर्यंत आईला न्यायचं कशात? धूप घालणाऱ्या म्हाताऱ्याला आणलं, तर तो फाटकातूनच परत गेला. म्हणाला, पाहुणा आगंतुक असता तर हाकलला असता, पण याला घरच्यांनीच बोलावलंय. म्हणून दर पाळीला मी त्या अनोळखी माणसाला बाबा म्हणत राहिले. आईच्या श्वासासाठी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

आता गाडीला काहीही झालेलं नाही. गेल्या महिन्यापासून ती पहिल्या झटक्यात सुरू होते. मी तोंड उघडायच्या आधीच पॅडल वर आलेलं असतं. इंजिनही कधी चढत नाही. रुफिनो सगळीकडे सांगत सुटलाय की त्याच्या केबलने गुण दिला.

आईची तब्येत सुधारलीय. पण ती गाडीत बोलत नाही. परवा मी आरशातून बघितलं, तर ती शेजारच्या सीटवर तळहात फिरवत होती. चाचपडल्यासारखी.

"बाबा आहेत ना?" मी विचारलं.

"नाहीत," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. तू दर पाळीला पुढे बाबा म्हणायचीस ना... एक दिवस त्यांनी माझा हात सोडला."

तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"थांब, मी बोलावते त्यांना," मी म्हटलं आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"नको!" आईने मागून माझं तोंड दाबलं.

उजव्या बाजूची सीट हळूच करकरली. कुणीतरी वळून बसावं तशी.

बाबांना परत आणायचं तर हाक मारायला हवी. आणि आमच्या गाडीत त्या हाकेला आता दुसराच कुणीतरी ओ देतो.